बनगरवाडीचं कोलाज : कादंबरीतला माळ कागदावर कसा आणायचा

मागच्या उन्हाळ्यात कपाट आवरायला काढलं आणि व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची, धनगरांच्या वाडीत आलेल्या तरुण शाळामास्तराच्या त्या कादंबरीची, जुनी प्रत हाती लागली, बांधणी सुटलेली, पानं पिवळी पडलेली. आवरणं राहिलं बाजूला, तिथंच फरशीवर बसून पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. नंतर दोन-तीन दिवस डोक्यातनं तो माळ काही जाईना. काहीतरी करावंसं वाटत होतं आणि चित्र काढायला बसले तर हात त्याच त्या झोपड्या, तेच ते झाड काढायला लागला, म्हणून रंग बाजूला ठेवले आणि कागद फाडायला घेतले. आत्तापर्यंत तीन कोलाज केलेत. पहिलं फसलं, दुसरं बरं झालं, तिसरं आता भिंतीवर आहे. ते कसं केलं ते सविस्तर लिहितेय, दुसरी कुठली कादंबरी घेतलीत तरी रीत साधारण हीच राहील.

आधी पहिलं का फसलं ते सांगते, कारण बहुतेकांचं इथंच चुकतं. कादंबरीवर कोलाज म्हटलं की आपण लगेच प्रसंग मोजायला लागतो. मास्तर पाहिजे, कारभारी पाहिजे, आनंदा रामोशी पाहिजे, आयबू पाहिजे, तालीम पाहिजे, मेंढरं पाहिजेत, दुष्काळ पाहिजे. मी मासिकांतले फेटेवाले, म्हातारे, मेंढ्या सगळं कापून एका कार्डशीटवर दाटीवाटीनं चिकटवलं. झालं काय, तर जत्रेचं पोस्टर. बनगरवाडीत गर्दी कुठंय? तिथं एवढीशी वाडी, आणि बाकी सगळा माणदेशाचा उघडा माळ. राम देशमुखांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराचं नावच 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' आहे, म्हणजे वेस नसलेलं, कुंपण नसलेलं गाव. ते नाव आठवलं आणि माझं काय चुकलं ते कळलं. मी मोकळी जागा भरत सुटले होते आणि या कादंबरीचा जीव त्या मोकळ्या जागेतच आहे.

म्हणून पहिलं काम कात्री घ्यायची नाही. पेन्सिल आणि वही घेऊन पुस्तक परत वाचायचं, आणि काय घडलं ते न लिहिता काय दिसतं, हाताला काय लागतं, उजेड कुठल्या वेळेचा आहे, माणूस केवढा दिसतो आणि आभाळ केवढं, एवढंच टिपायचं. माझ्या वहीत आलेले शब्द असे होते : धूळ, लोकर, घोंगडी, काळा दगड, शेणानं सारवलेली जमीन, हजेरीपट, लाल माती, उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ, रिकामं. यातला प्रत्येक शब्द म्हणजे एकेक कागद किंवा कापड आहे, नीट बघा. कोलाजला गोष्ट लागत नाही, जिन्नस लागतो. माडगूळकर स्वतः चित्रकार होते आणि ते त्यांच्या वाक्यात दिसतं, थोडक्या शब्दात नेमकी वस्तू समोर ठेवतात, त्यामुळे ही वही अर्ध्या दिवसात भरते. ही कादंबरी १९५५ सालची आणि गोष्ट त्याच्याही आधीची, औंध संस्थानातली. त्यामुळे आणखी एक पथ्य पाळलं, चकचकीत आणि प्लॅस्टिकचं काही चित्रात येऊ द्यायचं नाही.

आता सामान. महागडं काही लागत नाही. खाकी ब्राऊन पेपर, दोन-तीन वेगवेगळ्या छटांचा मिळाला तर उत्तम, पुस्तकांना कव्हर घालतो तो वेगळा आणि पार्सलचा जाडसर वेगळा. रद्दीच्या दुकानातनं जुना कोरा रजिस्टरचा कागद, लाल-निळ्या रेघांचा, मला एका जुन्या खतावणीतली आठ-दहा पानं मिळाली. पोत्याच्या गोणपाटाचा हातभर तुकडा. वापरलेला पॉलिश पेपर, सुताराकडं टाकून दिलेला असतोच, तो दगडाला काय सुंदर लागतो. घोंगडीची सुटलेली लोकर, आमच्याकडं आजीची घोंगडी होती तिच्या काठाला सुटलेले धागे तेवढे घेतले, घोंगडी काही कापली नाही. आणि पुस्तकातल्या पानांची झेरॉक्स. कृपा करून चांगली प्रत फाडू नका, जुनी असली तरी नाही. झेरॉक्स काढताना ती लेझरची आहे ना बघून घ्या, टोनरची अक्षरं पाण्यानं पसरत नाहीत, घरच्या इंकजेटची शाई मात्र डिंक लागला की पसरून निळी-जांभळी होते. ओलं बोट फिरवून बघायचं, लगेच कळतं.

वर्तमानपत्र वापरू नका असं मी म्हणेन. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, हवा-उजेड लागून तो पिवळा तर पडतोच पण ठिसूळही होतो, वर चिकटवताना मागची अक्षरं पुढं दिसायला लागतात. पिवळेपणा पाहिजे असेल तर साध्या कागदाला चहाचं पाणी लावा, बिनदुधाचं, आणि सावलीत वाळवा.

पाया म्हणून ए-थ्री मापाचा, म्हणजे साधारण ३० बाय ४२ सेंटीमीटरचा जाड माउंटबोर्ड घ्या. पातळ कार्डशीट घेतलीत तर वाळल्यावर पापडासारखी वळणार. आणि जाड बोर्डसुद्धा वळतो कारण एकाच बाजूनं ओला कागद बसला की तो वाळताना आकसतो आणि बोर्डाला ओढतो. यावर सोपा उपाय, पुढं मोठा कागद चिकटवलात की मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. पुस्तकबांधणी करणारे हेच करतात. माझ्या पहिल्या कोलाजला हे माहीत नव्हतं, रात्री सपाट होतं आणि सकाळी पन्हळीच्या पत्र्यासारखं झालेलं.

चिकटवायला साधा पांढरा फेव्हिकॉल. मोठ्या कागदाला तीन भाग फेव्हिकॉल एक भाग पाणी, रुंद ब्रशनं पातळ लावायचा, मधनं कडेकडे. कागदाला लावून एक मिनिट थांबा, तो ओल पिऊन फुगतो, फुगून झाला की मग बोर्डावर ठेवा. घाईनं ठेवलात तर तो बोर्डावर बसल्यावर फुगतो आणि सुरकुत्या येतात. वरनं कोरा कागद ठेवून तळहातानं दाबत जायचं, मग बटर पेपर, मग जाडजूड पुस्तकं, रात्रभर. पूर्वी बाइंडर लोक मैद्याची खळ करायचे आणि कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, ती खळ कागदाला फार छान असते, पण मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका. आणि शक्यतो हे काम पावसाळ्यात काढू नका, दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मग बुरशी येते.

आता खरं काम, फाडणं. शाळेतल्या चिकटकामात आपल्याला कात्रीनं रेषेवर कापायची सवय लावलेली असते, ती इथं विसरायची. कागदाला धागा असतो, कापडासारखाच. कागद हातात धरून आधी उभा आणि मग आडवा हलका वाकवून बघा, एका बाजूनं तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूनं अडतो. सहज वाकतो तेव्हा घडीची जी रेघ पडेल तिच्या दिशेनं धागा. धाग्याच्या दिशेनं फाडलात तर कागद लांब, जवळजवळ सरळ फाटत जातो, आडवा फाडलात की वेडावाकडा, दातेरी. हे कळलं आणि माझं निम्मं काम सोपं झालं. माळाची क्षितिजरेषा धाग्याच्या दिशेनं फाडायची, एका दमात, मधे हात न थांबवता, ती अशी किंचित हलत जाते की पट्टीनं मारलेली रेघ तिच्यापुढं मेलेली वाटते. आणि घरांच्या भिंती, दगड, बांध हे आडवं फाडायचं. छापील कागद फाडलात की दोन तुकड्यांपैकी एकाला पांढरी कड राहते आणि दुसऱ्याला राहत नाही, तीही मुद्दाम वापरता येते, उन्हात चमकणारी कड पाहिजे तिथं पांढऱ्या कडेचा तुकडा.

क्षितिज कुठं ठेवायचं यावर मी चार दिवस घालवले. शेवटी कागदाच्या खालनं साधारण दोन-तृतीयांशावर ठेवलं, म्हणजे वर थोडंसं फिकट आभाळ आणि खाली सगळा माळ. माळासाठी तीन छटांचे ब्राऊन पेपर, लांबलांब आडव्या पट्ट्या, एकावर एक थोड्या चढवलेल्या, लांबची पट्टी फिकी आणि अरुंद, जवळची गडद आणि रुंद. काही चिकटवायच्या आधी सगळं नुसतं मांडून मोबाईलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. सगळं एकाच करड्या रंगात बुडालं तर समजा की फिका-गडद फरक कमी पडतोय, रंग कितीही छान असले तरी. माणदेशात आटपाडीकडं जाताना एस.टी.च्या खिडकीतनं उन्हाळ्यातला माळ बघितलाय मी, त्यात रंग जवळजवळ नसतातच, फक्त लांबचं फिकं आणि जवळचं गडद.

वाडी अगदी लहान ठेवायची. माझी वाडी उजवीकडं वर, तळहात झाकेल एवढ्या जागेत आहे. पॉलिश पेपरचे नखाएवढे तुकडे म्हणजे भिंती, गोणपाटाचे धागे सोडवून छपरं. शाळेसाठी त्या खतावणीच्या कागदाचा एक चौकोनी तुकडा, लाल-निळ्या रेघा तशाच. मास्तर मी काढलाच नाही, तो रेघांचा कागद त्या सगळ्या मातकट रंगात एकटा परका दिसतो, तोच मास्तर.

तालमीचा विचार वेगळा केला. बाकी वाडी आपोआप वाढलेली, पण तालीम लोकांनी ठरवून, राबून उभी केलेली, तिच्यासाठी औंधचा राजा येतो. म्हणून अख्ख्या चित्रात फक्त तालीम कटरनं कापली, सरळ कडांची, आणि तिच्या आत गेरूची पूड बोटानं घासलेल्या कागदाचा तुकडा. चित्रात लाल रंग तेवढाच. जाता जाता, औंधचे खरे राजे, पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रं काढायचे आणि औंधला डोंगरावर त्यांनी उभं केलेलं भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं. सातारच्या बाजूला गेलात तर जरूर बघा, बनगरवाडी वाचून गेलात तर त्या गोष्टीतल्या राजाकडं वेगळ्या नजरेनं बघाल.

मेंढरं हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. मेंढरू म्हटलं की कापसाचा बोळा चिकटवायचा मोह होतो, तो टाळा, शाळेच्या प्रकल्पासारखं दिसतं. शिवाय दख्खनच्या मेंढ्या पांढऱ्याशुभ्र कुठं असतात, काळ्या, करड्या, तपकिरी. मी पानांची झेरॉक्स घेतली आणि तिचे अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे फाडले, पाय नाहीत, डोकं नाही, नुसता अक्षरांनी भरलेला तुकडा. छोट्या टाइपातला मजकूर लांबनं करडा दिसतो, आणि कळप लांबनं दिसतो अगदी तसाच. ६४ तुकडे झाले. ते चिमट्यानं उचलून एकेक मांडायचे, वाडीजवळ दाट, मग डावीकडं लांबत लांबत जाणारे, माना खाली घालून चालल्यासारखे, म्हणजे सगळे तुकडे एकाच अंगाला किंचित कललेले. रांग करू नका, दोन-तीन जवळ, मग थोडं अंतर, मग एक मागं राहिलेलं.

आणि आता दुष्काळ. हा मला तिसऱ्या वेळेला सुचला. कादंबरीच्या शेवटाकडं मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. ते दाखवायला भेगाळलेली जमीन चिकटवावी असं आधी वाटलं होतं, पण तो फोटो आपण इतक्यांदा बघितलाय की आता काही वाटत नाही. त्याऐवजी डाव्या बाजूचे तुकडे मी चिकटवले आणि परत उपटले. कसं ते नीट सांगते. तुकडा पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं चिकटवायचा, पाच-एक मिनिटं थांबायचं, पूर्ण वाळू द्यायचं नाही, मग चिमट्यानं एक कोपरा धरून हळू, जमिनीलगत, मागं ओढत सोलायचा. झेरॉक्सचा कागद जाडीत मधनं चिरतो, वरचा अक्षरांचा पापुद्रा निघून येतो आणि खाली पांढुरका, लवदार ठसा राहतो, एखाद-दुसरं अक्षर कुठंतरी अडकलेलं. जिथं मेंढरू होतं तिथं त्याची जागा उरते. ६४ पैकी २३ मी असे सोलले. सगळेच सारखे निघत नाहीत, काही पूर्ण निघून येतात आणि खालचा ब्राऊन पेपरही थोडा उचलतात, ते तसंच ठेवायचं. हवा दमट असेल तर जास्त वेळ थांबावं लागतं, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर चार-पाच वेळा करून हात बसवा. पहिला तुकडा चित्रावरनं सोलला तेव्हा खरंच पोटात कालवलं माझ्या, एवढं मांडून मांडून लावलेलं होतं.

हे सगळं एकदम करायची छाती होत नसेल तर पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर एकच गोष्ट घेऊन सराव करा. माझं दुसरं कोलाज असंच आहे. कादंबरीतल्या शेकूची बायको बैलाच्या जोडीनं स्वतः औताला खांदा देते, ते वाचून विसरताच येत नाही. मी काय केलं, काळ्याभोर घोंगडीच्या लोकरीचा एक पट्टा, त्याच्या शेजारी जुन्या लुगड्याच्या काठाचा विटका तुकडा, दोन्ही सारख्याच लांबीचे, आणि दोघांवरनं आडवी एक खराट्याची काडी, जू म्हणून. खाली नुसता ब्राऊन पेपर, धाग्याच्या आडवा फाडून केलेले नांगरटीचे चार तास, म्हणजे चऱ्या. चेहरा नाही, बैलाची शिंगं नाहीत. आईनं बघितलं आणि काही न सांगता म्हणाली, ही शेकूची बायको ना. लोकर आणि कापडाला पातळ फेव्हिकॉल चालत नाही, शोषला जातो आणि वर पांढरे डाग दिसतात, तिथं घट्ट फेव्हिकॉल काडीनं ठिपके ठिपके लावायचा. खराट्याची काडी आधी उन्हात कडक वाळवून घ्या.

हीच रीत दुसऱ्या पुस्तकाला लावताना जिन्नस मात्र त्या पुस्तकाचा शोधा. 'रणांगण' घेतलंत, १९३९ सालची विश्राम बेडेकरांची, तर तिथं ही मोकळी जागा काही कामाची नाही. ती गोष्ट जहाजावरची, युरोपातनं मुंबईकडं निघालेली, आपला देश सुटलेले ज्यू निर्वासित आणि बाकीचे सगळे त्या बंद जागेत कोंडलेले. तिथं नकाशांच्या झेरॉक्स, तिकिटं, शिक्के, टपालाची पाकिटं असं एकमेकांवर चढवत जावं लागेल आणि समुद्र एखाद्या फटीतनं दिसला तर दिसावा. कुठलंही पुस्तक घ्या, त्यात दाटी आहे का मोकळीक हे आधी ठरवा, बाकीचं त्यामागनं येतं.

एक बारीकसं पण महत्त्वाचं. घरात लावायला, मित्राला द्यायला कोलाज करणं वेगळं आणि विकायला किंवा प्रदर्शनात मांडायला करणं वेगळं. आपल्याकडं लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं मजकुरावर हक्क राहतो. माडगूळकर २००१ साली गेले, म्हणजे त्यांची वाक्यं वाचता येतील अशी वापरून काही विकायचं असेल तर हक्क असणाऱ्यांची परवानगी घ्या. मी मेंढरांसाठी इतके बारीक तुकडे फाडले त्याचं हे एक कारण, कुठलंच वाक्य पूर्ण वाचता येत नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे 'श्यामची आई'च्या मजकुराला ही अडचण नाही.

शेवटी जपणूक. वरनं फेव्हिकॉलचा हात मारून सील करतात काही जण, पण त्यानं सगळ्याला चमक येते आणि धुळीचा माळ एकदम ओला दिसायला लागतो, मला ते अजिबात आवडलं नाही. त्यापेक्षा काचेची फ्रेम करा, पण काच आणि चित्र यात निदान दोन सेंटीमीटरची पोकळी ठेवायला सांगा, नाहीतर लोकर दबून चपटी होते आणि पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. आमच्या जवळच्या फ्रेमवाल्यानं पहिल्यांदा न विचारता काच थेट चित्राला टेकवून दिली होती, दोन मेंढरं काचेबरोबर उचलून आली, परत चिकटवावी लागली. तेव्हा समोर उभं राहून करून घ्या. भिंत ओल येणारी नको, थेट ऊनही नको, ब्राऊन पेपर उन्हात लवकर विटतो.

आणि मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख लिहा, कुठल्या आवृत्तीची झेरॉक्स वापरली ते लिहा, लोकर कुणाच्या घोंगडीची तेही लिहा. सोललेले ते २३ पापुद्रे मी टाकले नाहीत, एका पाकिटात घालून फ्रेमच्या मागं चिकटवून ठेवलेत.